लिलावानंतर उरलेले पैसे कुणाचे? थकलेली घरपट्टी, अमेरिकेतल्या काउंटी आणि एक रिकामा रकाना

मंडळी, आज सुरुवात एका वजाबाकीने करू.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जेराल्डिन टायलर या बाईंनी १९९९ मध्ये एक छोटा फ्लॅट घेतला. २०१० मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेल्या. मागे राहिलेल्या फ्लॅटचा मालमत्ता कर, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टी, थकत गेला. मूळ कर सुमारे २,३०० डॉलर. व्याज, दंड आणि खर्च मिळून आकडा १५,००० च्या आसपास गेला. हेनेपिन काउंटीने फ्लॅट ताब्यात घेतला आणि २०१६ मध्ये ४०,००० डॉलरला विकला.

४०,००० वजा १५,०००. उरले २५,०००. हे कुणाचे?

तुम्ही म्हणाल, यात विचारण्यासारखं काय आहे, बाईंचे! मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं. पण मिनेसोटा राज्याच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ती सगळी रक्कम काउंटी, शहर आणि शाळांच्या खात्यात गेली. बाईंना एक डॉलरही मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. २५ मे २०२३ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला: सरकारने आपलं येणं वसूल करावं, पण त्याहून जास्त ठेवून घेणं म्हणजे मोबदला न देता खासगी मालमत्ता घेणं, आणि राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती त्याला मनाई करते.

इथपर्यंतची गोष्ट बातम्यांत येऊन गेली आहे. मला आज पुढचं सांगायचं आहे. निकाल लागला म्हणून पैसे आपोआप घरी येत नाहीत. ते मागावे लागतात, ठरलेल्या फॉर्मवर आणि ठरलेल्या तारखेच्या आत. ज्यांना मागता येत नाही, ते आधी त्यांच्या पैशांतून गळतात आणि नंतर आपल्या डेटामधूनही. माझा प्रबंध कायद्यावर नाही. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, सरकारी नोंदींमधल्या गहाळ माहितीवर काम करते. हा विषय माझ्याकडे आला तो त्याच वाटेने. तिथे मी केलेली चूक शेवटी सांगते, कारण ती तुम्हीही करण्याची दाट शक्यता आहे.

आधी थोडे शब्द

काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंटी आहेत. शाळा, रस्ते, पोलीस यांचा मोठा खर्च मालमत्ता करातून चालतो, म्हणून या कराची वसुली कडक असते. कर थकला की घरावर बोजा चढतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो हे तुम्हाला माहीत असेल, कल्पना तीच. फरक असा की कराचा बोजा सहसा सगळ्यांच्या आधी उभा राहतो, अगदी बँकेच्या गहाणाच्याही आधी.

पुढे काय होणार हे राज्यावर अवलंबून असतं. दोन मुख्य वाटा लक्षात ठेवा.

पहिली वाट: घरच विकायचं. कॅलिफोर्नियात राहतं घर साधारण पाच वर्षं थकबाकीत राहिल्यावर काउंटीला ते लिलावात काढता येतं. मिशिगनमध्ये थकबाकीच्या तिसऱ्या वर्षी ३१ मार्चला जप्ती पक्की होते आणि मालकी काउंटीकडे जाते.

दुसरी वाट: आधी थकबाकी विकायची. फ्लोरिडात गुंतवणूकदार मालकाचा थकलेला कर भरतात आणि त्या बदल्यात त्यांना एक प्रमाणपत्र मिळतं. इथे बोली उलटी चालते. व्याज १८ टक्क्यांपासून सुरू होतं आणि जो सर्वांत कमी व्याजावर तयार होईल त्याला प्रमाणपत्र जातं. ठरलेल्या मुदतीत मालकाने पैसे फेडले नाहीत, तर प्रमाणपत्रधारक घराचा लिलाव मागू शकतो.

दोन्ही वाटांत शेवटी घराचा लिलाव झाला आणि बोली थकबाकीपेक्षा वर गेली, तर जे उरतं ती वरकड रक्कम. आपला विषय हीच रक्कम आहे.

वाटप कोणत्या क्रमाने होतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घर ६०,००० डॉलरला गेलं. कर, व्याज, दंड आणि लिलावाचा खर्च मिळून १५,०००. वरकड ४५,०००. आता हे सगळे मालकाचे का? नाही. घरावर बँकेचं २०,००० चं गहाण शिल्लक असेल, तर साधारणपणे आधी बँक. त्यानंतर इतर बोजेवाले, त्यांच्या क्रमाने. उरलेले २५,००० मालकाचे, आणि मालक हयात नसेल तर वारसांचे.

म्हणजे 'वरकड किती' आणि 'मालकाच्या हातात किती' हे दोन वेगळे आकडे आहेत. टायलर प्रकरणातही काउंटीने हा मुद्दा काढला होता. फ्लॅटवर ४९,००० डॉलरचं गहाण आणि सोसायटीची १२,००० डॉलरची थकबाकी आहे, तेव्हा बाईंचं काही नुकसान झालंच नाही, असं काउंटीचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. ते २५,००० बाईंना मिळाले असते तर त्यांतून त्यांचं कर्ज तरी कमी झालं असतं, हे न्यायालयाचं उत्तर. हा तर्क नीट वाचा. आपल्या हातात न पडता आपलं देणं फेडणारा पैसाही आपलाच असतो.

हक्क एक, अर्ज दुसरा

टायलर निकालाच्या आधीही बहुतेक राज्यांत वरकड परत करण्याचा कायदा होता. न्यायालयाने निकालात ३६ राज्यं आणि केंद्र सरकार असा हिशेब दिला आहे. मग प्रश्न सुटलेला होता का? इथे १९५६ चं नेल्सन विरुद्ध न्यूयॉर्क शहर हे प्रकरण मदतीला येतं. पाणीपट्टी थकली म्हणून शहराने मालमत्ता घेतल्या आणि वरकडही ठेवून घेतली. नोटिसा पाठवलेल्या होत्या, पण मालकांच्याच हिशेबनीसाने त्या दडवून ठेवल्या होत्या. तरी मालक हरले. कारण वरकड मागण्याची सोय कायद्यात होती आणि त्यांनी ती वेळेत वापरली नव्हती.

२०२३ च्या निकालाने हा जुना निकाल रद्द केला नाही. दोन्ही प्रकरणांतला फरक एवढाच दाखवला की न्यूयॉर्कमध्ये मागण्याची वाट होती, मिनेसोटात नव्हती. याचा अर्थ, वाट ठेवली की राज्याची बाजू बरीच भक्कम होते. मग ती वाट किती अरुंद आहे, यावर सगळं येऊन थांबतं.

तीन राज्यांच्या मुदती शेजारी ठेवून पाहा.

कॅलिफोर्निया: खरेदीदाराच्या नावाचं खरेदीखत नोंदवल्यापासून १ वर्ष.

टेक्सस: विक्रीपासून २ वर्षांच्या आत न्यायालयात अर्ज.

मिशिगन: इथे दोन पायऱ्या आहेत. जप्ती पक्की होते मार्चअखेर. त्यानंतरच्या १ जुलैपर्यंत 'मी वरकड मागणार आहे' असा नोटरी केलेला फॉर्म काउंटीला पोहोचला पाहिजे. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी ते १५ मे या काळात न्यायालयात वेगळा अर्ज करायचा.

आता मिशिगनच्या तारखा पुन्हा बघा. तिथले लिलाव जुलैच्या तिसऱ्या मंगळवारपासून सुरू होतात. पहिल्या फॉर्मची मुदत १ जुलै. म्हणजे घर विकलं जाण्याआधी, वरकड निघणार की नाही हे कळण्याआधी, तुम्ही मागणी नोंदवायची. घर नुकतंच हातचं गेलेलं, राहायचं कुठे हा प्रश्न उभा, आणि अशा वेळी अजून जन्मालाच न आलेल्या रकमेसाठी नोटरी गाठायचा.

ही पद्धत मिशिगनमध्ये आली तीसुद्धा एका खटल्यानंतर. ओकलंड काउंटीत उरी राफाएली यांच्या कंपनीच्या घराचा कर ८.४१ डॉलरने कमी भरला गेला होता. वाचण्यात चूक नाही, आठ डॉलर एकेचाळीस सेंट. व्याज आणि खर्चासह २८५.८१ झाले. काउंटीने घर २४,५०० डॉलरला विकलं आणि सगळे पैसे ठेवले. जुलै २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं आणि त्याच वर्षी विधिमंडळाने वर सांगितलेली दोन पायऱ्यांची पद्धत आणली.

नोटीस पोहोचते कुणापर्यंत?

घरावर कर्ज असतं तेव्हा अनेकदा बँक हप्त्याबरोबरच कराचे पैसे घेते आणि परस्पर भरते. मालकाला कराचं बिल हाताळायची सवयच लागत नाही. कर्ज फिटतं, सगळ्यांना आनंद होतो, आणि त्याच दिवशी कर भरायची जबाबदारी गुपचूप मालकाकडे येते.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात गॅरी जोन्स यांचं नेमकं असंच झालं. ३० वर्षं हप्ते भरून १९९७ मध्ये कर्ज फिटलं आणि त्यानंतर कर थकला. ते स्वतः १९९३ पासून दुसरीकडे राहत होते. राज्याने जुन्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवलं. सही करायला कुणी नव्हतं, पत्र परत आलं. पुढचं पत्रही परत आलं. साधारण ८०,००० डॉलर किमतीचं घर २१,०४२ डॉलरला विकलं गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोन्स यांच्या बाजूने निकाल दिला: पत्र परत आल्याचं सरकारला माहीत असेल, तर शक्य असतील ती आणखी पावलं उचलायला हवीत. नुसतं 'आम्ही पाठवलं होतं' म्हणून भागत नाही.

या गोष्टीतून कोणती माणसं दिसतात ते पाहा. कर्ज फिटलेले वृद्ध. घर सोडून गेलेले. नवरा किंवा बायको वारल्यावर कागद आपल्या नावावर न केलेले. वारस, ज्यांच्या नावाची नोंदच नाही. कराची नोटीस ज्यांना मिळत नाही, त्यांनाच वरकडीची नोटीसही मिळत नाही, कारण दोन्ही पाकिटांवर पत्ता एकच असतो.

मधली माणसं

मग हे पैसे आहेत हे कळतं कुणाला? लिलावांच्या याद्या सार्वजनिक असतात. त्या चाळून जुन्या मालकांना शोधून काढणारे मध्यस्थ तयार झाले आहेत. 'तुमचे पैसे मिळवून देतो, त्यातला वाटा आम्हाला' असा त्यांचा व्यवहार. सगळेच फसवे नसतात. वारसांचा शोध घेणं, कागद जमवणं हे खरं काम आहे. पण अनेकदा मालकाला एवढंच माहीत नसतं की अर्ज तो स्वतः करू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अट आहे: असा हक्क दुसऱ्याच्या नावावर लिहून द्यायचा असेल, तर वरकड नेमकी किती आहे आणि मालक स्वतः थेट मागू शकतो, हे दोन्ही त्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांचे काका, मावशी, दादा तिकडे घर घेऊन राहिले आहेत. कधी असा प्रसंग आलाच, तर तीन गोष्टी सांगा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी काउंटीच्या खजिनदार किंवा कर कार्यालयाला स्वतः फोन करा. काही राज्यांत हे काम न्यायालयाच्या क्लार्ककडे असतं. वरकड किती आणि शेवटची तारीख कोणती, हे लेखी घ्या. रक्कम मोठी असेल किंवा वारसांचा प्रश्न असेल, तर त्या राज्यातल्या वकिलाला विचारा. माझा लेख वाचून निर्णय घेऊ नका, कारण राज्य बदललं की नियम बदलतो.

आता आपल्या कामाचं

संशोधनाची तयारी करताना आपण 'डेटा कुठे मिळेल' हा प्रश्न पहिला विचारतो. मीही तेच केलं. लिलावांच्या नोंदी उतरवून घेतल्या. त्यात विक्रीची किंमत, थकबाकी, वरकड आणि 'मालकाला दिलेली रक्कम' असे रकाने होते. शेवटचा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा. मी काय करावं? रिकाम्या जागी शून्य भरलं आणि सरासरी काढली. गाइडनी टेबलवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे शून्य तुला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या एका रिकाम्या चौकटीचे किती अर्थ निघू शकतात ते बघा. वरकड निघालीच नाही. निघाली, पण सगळी गहाणवाल्या बँकेला गेली. मालकाला कळलंच नाही. कळलं, पण मुदत टळून गेली. मालक वारला आणि वारसांचे कागद अपुरे पडले. किंवा अर्ज झाला आहे, न्यायालयात अजून पडून आहे. हे सहा वेगळे अर्थ, आणि मी सहाही जणांना एकाच शून्यात कोंबलं होतं.

संख्याशास्त्रात गहाळ माहितीचे प्रकार शिकताना आपण व्याख्या पाठ करतो: योगायोगाने गहाळ, आणि कारणाने गहाळ. इथे माहिती कारणाने गहाळ आहे. जी माणसं सर्वांत अडचणीत, त्यांचीच नोंद अपुरी. अशा वेळी फक्त पूर्ण नोंदी घेऊन विश्लेषण केलं, तर उत्तर छान दिसतं: 'मालकांना बहुतेक रक्कम परत मिळते.' हो, ज्यांनी मागितली त्यांना मिळते!

आणखी दोन सापळे आहेत. पहिला, किंमत आणि मूल्य. लिलावातली बोली म्हणजे बाजारभाव नव्हे. खरेदीदाराला बऱ्याचदा घर आतून बघायला मिळत नाही, पैसे लगेच भरायचे असतात, मालकीच्या कागदांची खात्री नसते. त्यामुळे बोली खाली राहते. मिशिगनच्या इसाबेला काउंटीत एक घर लिलावात सुमारे ७६,००० डॉलरला गेलं. कर आकारताना त्याचंच मूल्य १,९४,००० च्या वर धरलेलं होतं. मालकाचं नुकसान कोणत्या आकड्यावरून मोजायचं, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तुम्ही 'वरकड' मोजता तेव्हा नुकसानाचा एकच भाग मोजत असता, हे लक्षात असू द्या.

दुसरा सापळा, कारण. कर थकला म्हणून घर गेलं, हे वरवर खरं. पण कर मुळात बरोबर लावला होता का? बर्नाडेट अटुआहेने आणि क्रिस्टोफर बेरी यांनी डेट्रॉइटवर केलेला अभ्यास यासाठी जरूर वाचा. मिशिगनच्या घटनेप्रमाणे करासाठीचं मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. २०११ ते २०१५ या काळात डेट्रॉइटमधल्या जवळपास दर चार मालमत्तांपैकी एक करापायी जप्त झाली. त्यांतल्या सुमारे १० टक्के जप्त्या बेकायदा फुगवलेल्या मूल्यांकनामुळे झाल्या, असा त्यांचा अंदाज. सर्वांत स्वस्त घरांमध्ये तो आकडा २५ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यांनी घराची किंमत, ठिकाण आणि विक्रीचा काळ समान धरून तुलना केली, म्हणून हा आकडा नुसत्या टक्केवारीपेक्षा जास्त काही सांगतो.

ज्यांना विषय हवा आहे त्यांच्यासाठी एक दिशा. मिशिगनचा नियम २०२० मध्ये बदलला, मिनेसोटासारख्या राज्यांना २०२३ नंतर बदलावं लागलं, आणि अनेक राज्यांत तो आधीपासूनच होता. म्हणजे एकच बदल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी. आधी-नंतर आणि इथे-तिथे अशी दुहेरी तुलना करायला यापेक्षा चांगली जागा क्वचित मिळते. काउंटीला वरकड ठेवता येईनाशी झाल्यावर जप्त्या कमी झाल्या का? मागणीची मुदत एक वर्षाऐवजी दोन वर्षं असेल, तर जास्त लोकांपर्यंत पैसे पोहोचतात का? प्रश्न साधे आहेत, मोजणं कठीण आहे.

पण डेटा उतरवून घेण्याआधी एक काम करा. कुठलीही एक काउंटी निवडा आणि तिचा वरकड मागण्याचा फॉर्म उघडा. तो तुम्हालाच भरायचा आहे असं समजून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. कोणते कागद लागतात, सही कुणासमोर करायची, पत्ता कुठला द्यायचा, तारीख कोणती. जिथे तुमचं पेन अडेल, तिथे कुणीतरी खरंच अडलेलं आहे. तुमच्या फाइलमधला रिकामा रकाना तिथूनच आलेला असतो.

माझ्या टेबलमध्ये आता त्या रकान्यात शून्य नाही. त्याच्या शेजारी एक नवा रकाना आहे, 'रिकामा का?' अजून निम्मासुद्धा भरलेला नाही, पण गेल्या वर्षभरातलं माझं सर्वांत उपयोगी काम तेवढंच आहे.